वेदीवरची फुले, दफनभूमीतले मेण आणि चर्चची विहीर

सृष्टीची काळजी आणि ख्रिस्ती श्रद्धा या विषयावर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : “पृथ्वी व्यापून टाका आणि ती सत्तेखाली आणा” असे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. निसर्गाच्या नासाडीचे मूळ बायबलमध्येच आहे, असे कॉलेजातले मित्र म्हणतात. त्यांना काय सांगावे? (अहिल्यानगर)

हा आरोप नवा नाही. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखात तो ठामपणे मांडला आणि तेव्हापासून तो फिरतो आहे. तुमच्या मित्रांना बहुधा माहीत नसेल, पण त्याच लेखाच्या शेवटी व्हाइट यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत मानावे, असेही सुचवले होते. पुढे १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी अधिकृत घोषणा केली.

आरोप साफ खोटा म्हणून उडवून लावू नका. उत्पत्ती १:२८ हे वचन सुटे काढून जमीन, जंगल आणि माणसेही ओरबाडणारे ख्रिस्ती लोक इतिहासात होऊन गेले आहेत. पण वचन सुटे काढायचे नाही, हे बायबल वाचण्याचे पहिले पथ्य. लगेच पुढची दोन वचने वाचा. वनस्पती अन्न म्हणून माणसाला दिल्या आहेत, तशाच पशुपक्ष्यांनाही. २:१५ मध्ये माणसाला एदेन बागेत ठेवले ते मशागत आणि राखण करण्यासाठी. मग नियमशास्त्र उघडा. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा (लेवीय २५). शहराला वेढा घातला असला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका (अनुवाद २०:१९). घरट्यात पिले किंवा अंडी असतील तर आईला पिलांसकट धरू नका (अनुवाद २२:६). मळणीच्या बैलाला मुसके बांधू नका (अनुवाद २५:४). ज्याला सत्ता दिली त्याचे हात कुठे कुठे बांधले आहेत, याची ही यादीच आहे. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे २०१५ चे परिपत्रक मिळाले तर त्यातला ६७ वा परिच्छेद मित्रांना वाचायला द्या. नेमका याच आरोपाला तिथे उत्तर दिले आहे.

प्रश्न : २ पेत्र ३:१० प्रमाणे पृथ्वी जळूनच जाणार असेल, तर ती वाचवण्याची धडपड कशासाठी? (सोलापूर)

तोच अध्याय थोडा वर, सहाव्या वचनापासून वाचा. जलप्रलयात तेव्हाचे जग नाश पावले, असे पेत्र म्हणतो. त्या प्रलयानंतर पृथ्वी होतीच आणि देवाने करार केला तो नोहाबरोबर तसाच प्रत्येक सजीवाबरोबर (उत्पत्ती ९:१०). रोमकरांस ८:२१ मध्ये सृष्टी नाशाच्या दास्यातून मुक्त होईल, असे म्हटले आहे. नष्ट होईल असे नाही. आणि प्रकटीकरण ११:१८ मध्ये पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश करण्याची वेळ येते. शरीर कधीतरी मातीला मिळणार म्हणून कोणी औषधपाणी थांबवत नाही.

प्रश्न : आमच्या चर्चच्या आवारातली विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. छपराचे पाणी विहिरीत सोडावे, असा ठराव पॅरिश कौन्सिलमध्ये झाला आहे. काम कसे करावे आणि कुठे फसते? (वसई)

आधी विहीर खारट का होते ते पाहू, कारण ठराव अर्ध्याच कारणावर इलाज करतो आहे. किनाऱ्यालगत जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. उपशाने ही पातळी अर्धा मीटर जरी उतरली, तरी खालून खारे पाणी सुमारे २० मीटर वर चढते. म्हणजे पुनर्भरण करायचे आणि मोठा पंप लावून बागेला तासन्‌तास पाणी सोडायचे, हे एकमेकांना खाऊन टाकते. टँकर भरून वसईच्या विहिरी उपसण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि ‘हरित वसई’ चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हेच भूशास्त्र होते. म्हणून पहिले काम विनाखर्चाचे. पंप सलग न चालवता सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ चालवा. विहिरीच्या तळाशी टेकलेला फूटव्हॉल्व्ह वर घ्या.

आता छपराचा हिशेब. चर्चचे छप्पर ३०० चौरस मीटर आणि कौलारू धरले, तर २५ मिमी पावसात ३०० × ०.०२५ × ०.८ = ६ घनमीटर, म्हणजे ६,००० लिटर पाणी हाती येते. (०.८ हा गुणक एवढ्यासाठी की थोडे पाणी कौले पितात, थोडे उडते, थोडे पन्हळीबाहेर सांडते.) २,००० मिमीच्या पावसाळ्यात हेच पाणी ४ लाख ८० हजार लिटर भरते.

पन्हळीला दर मीटरला १ सेंमी उतार ठेवा. ताशी १०० मिमीच्या सरीत ११० मिमीचा एक उभा पाइप साधारण ८० ते ८५ चौरस मीटर छपराचे पाणी ओढतो. तेव्हा या छपराला चार पाइप हवेत. बरीच मंडळी दोनच लावतात. मग पहिल्या मुसळधार पावसात पन्हळ ओसंडून भिंत भिजते आणि योजनेलाच नावे ठेवली जातात.

पहिला पाऊस विहिरीत जाऊ द्यायचा नाही. छपरावर कबुतरांची विष्ठा, पाने, धूळ असते. छपरावरचे पहिले १ ते २ मिमी, म्हणजे ३०० ते ६०० लिटर, बाहेर सोडण्यासाठी उभ्या पाइपाच्या तळाशी टोपण किंवा व्हॉल्व्ह ठेवा. तो कोण उघडणार आणि कोण बंद करणार, हे नावानिशी ठरवा. फिरत्या पाळीवर सोडले की व्हॉल्व्ह जूनभर उघडाच राहतो. छप्पर ॲस्बेस्टॉस पत्र्याचे असेल तर ते पाणी पिण्याच्या विहिरीत सोडू नका. कौलांना नवा रंग दिला असेल तर तो पावसाळा सोडून द्या.

गाळण खड्डा दीड मीटर लांब, रुंद आणि खोल असला तरी चालतो. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, सर्वांत वर जाड वाळू. प्रत्येक थर ३० ते ४० सेंमी. वाळू आणि खडी यांच्यामध्ये नायलॉनची जाळी अंथरा, नाहीतर वाळू खाली झिरपून खडीत अडकते आणि दुसऱ्या वर्षी खड्डा तुंबतो. वाळू वर ठेवण्याचे कारण साधे आहे. गाळ वरच अडकतो आणि दर मे महिन्यात वरची ५ सेंमी वाळू खरवडून धुता येते. ताशी ५० मिमी पाऊस कोसळला तर या छपरावरून ताशी १२,००० लिटर पाणी येते. खड्ड्याला तेवढे पचेलच असे नाही. म्हणून वरच्या अंगाला ओव्हरफ्लो ठेवा आणि तो जवळ बावखल (वाडीतले जुने तळे) असेल तर त्यात सोडा. बावखल बुजवून पार्किंग केले असेल, तर विहीर खारट होण्याचे आणखी एक कारण तुमच्या आवारातच आहे.

खड्ड्यातून विहिरीत जाणारा पाइप पाण्याच्या पातळीखाली न्या. उंचावरून धार पडली तर तळाचा गाळ ढवळतो आणि हवेचे बुडबुडे झऱ्यांच्या फटीत अडकतात.

पावसाळ्यात विहिरीचे पाणी प्यायचे असेल तर १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर हे प्रमाण. पावडर थेट ओतू नका. बादलीत कालवून, दहा मिनिटे निवळू देऊन वरचे नितळ पाणी विहिरीत सोडा. चुन्याचा साका बाहेर टाका. त्यानंतर निदान तासभर पाणी काढू नका.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोरीने पाण्याची पातळी आणि टीडीएस मीटरने क्षार मोजून वहीत लिहा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. एका पावसाळ्यात फरक दिसेलच, असे वचन आम्ही देणार नाही. शेजारच्या विहिरींचा उपसा तुमच्या हातात नसतो.

प्रश्न : वेदीच्या सजावटीची फुले सोमवारी कचऱ्याच्या गाडीत जातात. आशीर्वादित वेदीवरची फुले अशी टाकणे बरे वाटत नाही. खत करता येईल का? (पुणे)

येईल, पण खताचा प्रश्न शनिवारीच सुटतो, सोमवारी नाही. आजच्या सजावटीत फुलांपेक्षा न कुजणारा माल जास्त असतो. जरबेराच्या देठावरची प्लास्टिकची नळी, तार, सेलोफेन, चमकीची फवारणी, रंगवलेला निशिगंध. आणि सर्वांत वाईट म्हणजे तो हिरवा फोम, ज्यात देठ खोचतात. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेले ते प्लास्टिकच आहे. बोटाने चुरगळते, त्याचा भुगा पाण्याबरोबर गटारात जातो, कुजत मात्र नाही.

फोमला पर्याय तीन. कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीचा सैलसर गोळा करून पसरट भांड्यात बसवा. तो वर्षानुवर्षे टिकतो. दुसरा, भांड्यात ओली जाड वाळू. तिसरा आणि आपल्याकडे फुकट मिळणारा, केळीच्या खांबाचे वीतभर तुकडे. त्यांत आधी खिळ्याने भोक पाडून मग देठ खोचा. थेट खोचल्यास मऊ देठ मोडतात. केळीच्या तुकड्यात फुले रविवारच्या तिसऱ्या मिस्सापर्यंत (उपासनेपर्यंत) सहज तग धरतात. तो चीक सोडतो आणि वेदीच्या कापडावरचा केळीचा डाग निघत नाही, म्हणून खाली ताट हवेच.

खतासाठी विटांचा, हवेशीर फटी ठेवलेला एक मीटरचा चौकोनी हौद पुरे. एक घमेले फुले तर दोन ते तीन घमेली सुका पाला. आवारातला पाला जाळणे बंद केले की तो आपोआप मिळतो. मूठभर जुने खत किंवा शेणकाला विरजण म्हणून घाला. आठवड्यातून एकदा खालीवर करा. मिश्रण मुठीत दाबल्यावर ओलसर लागावे, पाणी ठिबकू नये. वास आला तर पाला कमी पडला. काहीच घडत नसेल तर पाणी कमी पडले. दोन महिन्यांत खत तयार होते. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या मात्र यात घालू नका. त्या वाळवून ठेवा, पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारासाठी लागतात.

प्रश्न : २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनानंतर आमच्या दफनभूमीत मेण, प्लास्टिकची फुले आणि पुष्पचक्रांचे सांगाडे यांचा ढीग होतो. लोकांच्या भावना न दुखावता हे कसे थांबवावे? (आगाशी)

कुटुंबांना सांगण्याआधी फुलवाल्यांना सांगा. दुःखातला माणूस पुष्पचक्र कशावर बांधले आहे ते पाहत नाही, समोर असेल ते घेतो. दफनभूमीला माल पुरवणारे फुलवाले गावात चार-पाचच असतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच त्यांच्याशी बोला. थर्मोकोलची चकती आणि चंदेरी कागद नको. बांबूची कडी, त्यावर पेंढा, बांधायला सुतळी. भावात फार फरक पडत नाही. नाव लिहायची पट्टी सॅटिनऐवजी कागदाची ठेवायला सांगा.

मेणबत्त्यांसाठी थडग्याच्या पायथ्याशी वाळू भरलेली पसरट पत्र्याची ताटे ठेवा. बाजारातले बहुतेक मेण पॅराफिन, म्हणजे खनिज तेलातून आलेले. ते मातीत कुजत नाही. गोळा केलेले मेण पुन्हा वापरायचे असेल तर पातेले थेट आचेवर ठेवू नका. मोठ्या भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचा डबा उभा करा. मेण ५० ते ६५ अंशांना वितळते, त्यामुळे उकळत्या पाण्याची ऊब पुरते. थेट आचेवर ते तापून पेट घेऊ शकते आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतले की भडका उडतो. पेट घेतलाच तर झाकण ठेवा. वितळलेले मेण सुती कापडातून गाळा म्हणजे वाती आणि वाळू वेगळी होते. नवी वात घालताना जाडी जुळवा. बारीक वात मेणात बुडून विझते, जाड वात काजळी सोडते. उरलेले मेण मोरीत ओतू नका, पाइपात थिजते.

गवत मारायला तणनाशक फवारण्याची पद्धत काही ठिकाणी पडली आहे, ती सोडा. सप्टेंबर संपण्यापूर्वी, बी पिकायच्या आत गवत कापले तर पुढच्या वर्षी ते कमी उगवते. सगळी वाट पेव्हर ब्लॉकने बंद करू नका. दफनभूमीत पाणी साचते ते बहुतेक वेळा त्यामुळेच.

प्रश्न : सणाच्या जेवणाला आम्ही प्लास्टिक सोडून कागदी पेले आणि द्रोण आणतो. हे योग्य आहे ना? (मालवण)

फार नाही. चहाच्या कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणूनच तो गळत नाही. द्रोणावरचा चकचकीत थरही तसाच. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सजावटीचा थर्मोकोल यांवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवरही. सणाच्या फलकाची ऑर्डर देताना हे लक्षात असू द्या.

५०० पानांसाठी स्टीलची ताटे एकदाच विकत घ्या. मंडळीतल्या लग्नांना भाड्याने देता येतात. धुण्यासाठी तीन टब ठेवा. पहिला साबणाचा, दुसरा खळबळण्याचा, तिसरा स्वच्छ पाण्याचा. पहिला गढूळला की ओतून द्यायचा आणि दुसऱ्याचा पहिला करायचा. खरकटे टबात पडू देऊ नका, आधी वेगळ्या बादलीत झटका. आणि तांदूळ मोजून घ्या. माणशी १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे ५०० जणांना ५० ते ६० किलो. पाव असतील तर त्याहून कमी. पाच हजारांना जेवू घातल्यावर “उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ नये” असे प्रभूने शिष्यांना सांगितले (योहान ६:१२). चमत्काराने मिळालेल्या अन्नाचाही हिशेब होता, हे आपल्या स्वयंपाक समितीने ऐकण्यासारखे आहे.

प्रश्न : सप्टेंबरमधल्या ‘सृष्टीकाळा’त आम्ही दरवर्षी झाडे लावतो. जगत नाहीत. (नाशिक)

सृष्टीकाळ १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. पहिली तारीख ऑर्थोडॉक्स परंपरेतून आली. कॉन्स्टंटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख (पॅट्रिआर्क) दिमित्रिओस यांनी १९८९ मध्ये हा दिवस सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. शेवटची तारीख संत फ्रान्सिसच्या सणाची. उपासनेला हा काळ उत्तम, रोपांना नाही. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पाऊस माघार घेतो आणि मुळे धरायच्या आतच रोप कोरड्यात सापडते. मे महिन्यात ६० सेंमी लांब, रुंद, खोल खड्डे घेऊन तापू द्या आणि जूनमधल्या पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर रोपे लावा. सप्टेंबरमध्ये त्याच झाडांची खुरपणी, आळी आणि पाल्याचे आच्छादन करा. हंगामाच्या सणांशीही हा काळ आपल्याकडे छान जुळतो. मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो.

लावताना पिशवी पूर्ण काढा. हे लिहावे लागते, कारण फोटोच्या घाईत पिशवीसकट पुरलेली रोपे कमी नाहीत. तळाशी गोल वेटोळी झालेली मुळे सोडवा किंवा छाटा. बकुळ, करंज, कडुनिंब, ताम्हण चांगले. गुलमोहर वादळात मोडतो, भिंतीलगत वड-पिंपळ पाया उकलतात. पहिले दोन उन्हाळे दर चार-पाच दिवसांनी १० ते १५ लिटर पाणी लागते. तेवढे देता येईल तितकीच झाडे लावा. शंभर वाटण्यापेक्षा दहा जगवलेली बरी.

आणि कुंपण. उत्तर इथिओपियात मूळच्या जंगलाचे जे तुकडे उरले, ते बहुतेक ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चभोवतीच. भोवताली सगळीकडे शेते आणि गायरान, मधे हिरवे बेट. तिथेही मोठी झाडे होती, पण गुरे आत शिरून कोवळी रोपे खात असल्याने नवी पिढी उगवत नव्हती. शेतातलेच दगड वेचून गावकऱ्यांनी अनेक ठिकाणी भिंती घातल्या, तेव्हा रोपे वर आली. नाशकात गुरांच्या जागी शेळ्या आणि पार्किंगच्या गाड्या धरा.

प्रश्न : चर्चमध्ये एसी बसवावा असा आग्रह आहे. त्याऐवजी सोलर आणि कमी विजेचे पंखे सुचवावेत का? (नागपूर)

नागपूरच्या मे महिन्यात हा आग्रह चुकीचा म्हणवत नाही. पण जुन्या चर्चची उंच छते आणि वरचे झरोके गरम हवा बाहेर काढण्यासाठीच बांधलेले असतात. कबुतरांमुळे ते फळ्या ठोकून बंद केलेले असतात. फळ्या काढून जाळी लावा, छपराला पांढरा परावर्तक लेप द्या आणि मग एक उन्हाळा पाहा. एसीसाठी खिडक्या एकदा सील केल्या की वीज गेल्यावर आत बसवत नाही.

बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा, कमी विजेचा) पंखा साधारण ३० वॅट घेतो, जुना ७५. चर्चमध्ये असे ३० पंखे रविवारी चार तास चालत असतील तर बचत आठवड्याला जेमतेम साडेपाच युनिट. खर्च निघायला एक पिढी जाईल. तेच पंखे मिशनच्या शाळेत किंवा वसतिगृहात रोज आठ-दहा तास फिरतात. ते आधी बदला.

सोलर लावायचे तर बारा महिन्यांची बिले काढून वर्षाची युनिटे मोजा. १ किलोवॅट सुमारे १,४०० युनिट देतो आणि त्याला साधारण १० चौरस मीटर जागा लागते. वर्षाला ४,२०० युनिट वापर असेल तर ३ किलोवॅट पुरे. त्याहून मोठे घेऊ नका. वर्षअखेरीस शिल्लक युनिटांना मिळणारा दर फारच कमी असतो. वापर रविवारचा आणि ऊन रोजचे, म्हणून नेट मीटरिंगशिवाय (जादा वीज वीज कंपनीला देऊन ती बिलात वळती करून घेण्याच्या सोयीशिवाय) हा व्यवहार बसत नाही. त्यासाठी मीटरवरचे नाव आणि ट्रस्टच्या नोंदणीचे नाव एकच आहे का, ते आधी तपासा. अर्ज तिथेच अडकतात. घरांसाठीचे केंद्राचे अनुदान चर्चला लागू नाही. घंटाघराच्या उत्तरेला पॅनेल बसवू नका, डिसेंबरमध्ये सावली लांब पडते आणि एका पॅनेलवर सावली आली तरी ओळीतल्या सगळ्यांची वीज घटते. पॅनेल धुवायचे ते उजाडताच. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते.